घरी बांधलेल्या लहान टर्बाइन विमानांच्या इंधन टाक्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं एक ते चार माणसांच्या, घरी बांधलेल्या टर्बाइन विमानांसाठी आहेत. उदाहरणार्थ सबसॉनेक्स, बीडी-5जे यांसारखी छोटी जेट किंवा वॉल्टर एम601 टर्बोप्रॉप बसवलेलं लँकेअर 4पी. असली विमानं मुख्यतः अमेरिकेत ‘एक्स्पेरिमेंटल अ‍ॅमॅच्युअर-बिल्ट’ या वर्गात बांधली जातात. लहान प्रमाणित विमानांसाठीचे अमेरिकन नियम, म्हणजे पार्ट 23, या वर्गाला बंधनकारक नाहीत. तरीही 2017 मध्ये ते नियम नव्याने लिहिले जाण्यापूर्वी त्यांत टाक्यांबद्दल जे नेमके आकडे होते, त्यांच्याइतका चांगला आधार आजही दुसरा नाही. खाली ‘जुना पार्ट 23’ म्हटलं आहे ते त्यालाच.

आकडेमोडीसाठी सगळीकडे एकच नमुना धरला आहे: 1,000 न्यूटन थ्रस्टचं एक जेट इंजिन आणि 200 लिटर इंधन.

पिस्टन इंजिनासाठी बनवलेली टाकी तशीच ठेवून टर्बाइन बसवलं तर चालेल का?

बहुतेक वेळा नाही, आणि अडचण क्षमतेची नसते. इंधनात हवेचा मोठा बुडबुडा आला तर पिस्टन इंजिन अडखळतं, पण वाऱ्याने प्रोपेलर फिरत राहतो आणि इंधन आलं की इंजिन पुन्हा पकडतं. टर्बाइनच्या ज्वलनकक्षातली ज्योत मात्र क्षणार्धात विझते. मग ठराविक वेग आणि आरपीएम साधून रीलाइट करावं लागतं, म्हणजे ज्योत पुन्हा पेटवावी लागते, आणि त्यासाठी हाताशी उंची असावी लागते. टेकऑफनंतर शंभर मीटरवर ती नसते.

म्हणून टर्बाइनची टाकी आखताना सुरुवात पिकअप (टाकीतून इंधन ओढून घेणारं तोंड) आणि व्हेंट (टाकीत हवा येऊ-जाऊ देणारी नळी) यांपासून करावी. ‘किती लिटर बसतील’ हा प्रश्न त्यानंतरचा. वजनही तपासा. अ‍ॅवगॅस लिटरला सुमारे 0.72 किलो भरतं, तर जेट इंधन (केरोसीन) 0.80 किलो. त्याच 200 लिटरच्या टाकीत 144 ऐवजी 160 किलो भार येतो. टाकीचे ब्रॅकेट, पट्टे आणि गुरुत्वमध्य यांचं गणित नव्याने करावं लागतं.

किती इंधन लागेल याचा हिशोब कसा करायचा?

किलोत करा, लिटरमध्ये शेवटी आणा. या आकाराच्या जेट इंजिनांचा खप ताशी दर न्यूटनला साधारण 0.11 किलो असतो. म्हणजे 1,000 न्यूटनला पूर्ण थ्रस्टवर ताशी 110 किलो, अर्थात सुमारे 137 लिटर. 200 लिटर टाकी जमिनीलगत पूर्ण थ्रस्टवर दीड तासही पुरत नाही. वर गेल्यावर खप घटतो, पण आयडलचा (इंजिन नुसतं मंद चालू ठेवण्याचा) खप पिस्टन इंजिनाच्या सवयीने पाहणाऱ्याला चकित करतो. टॅक्सी आणि धावपट्टीवर वाट पाहण्याचा वेळ हिशोबात धरलाच पाहिजे.

पूर्ण क्षमता वापरायला मिळत नाही हेही लक्षात ठेवा. जुन्या पार्ट 23 मध्ये प्रसरणासाठी किमान 2 टक्के जागा रिकामी ठेवायला सांगितलं होतं. जेट इंधन दर अंशाला सुमारे 0.09 टक्के फुगतं. पहाटे 15 अंशांचं इंधन काठोकाठ भरलं आणि विमान उन्हात राहून ते 40 अंशांवर गेलं, तर वाढ 2.25 टक्के होते. दोन टक्के तिथेच संपले आणि व्हेंटमधून धार लागली. 3 ते 4 टक्के जागा ठेवा आणि फिलर नेक टाकीत तेवढी खाली उतरवा, म्हणजे काठोकाठ भरलं तरी ती जागा आपोआप रिकामी राहील.

टाकी पंखात हवी की फ्यूजलाजमध्ये (विमानाच्या धडात)?

पंखातली टाकी पंखाच्या मुळाशी येणारा वाकवणारा भार कमी करते आणि माणसापासून लांब असते. मात्र ती उथळ आणि लांब असल्यामुळे पिकअप उघडं पडण्याचा धोका तिथे जास्त. फ्यूजलाजमधली टाकी खोल असते, पिकअप सोपं जातं. पण ती बसलेल्या माणसाच्या पाठीशी किंवा पायांशी येते. अशा वेळी टाकी आणि कॉकपिट यांच्यामध्ये वाफ न झिरपणारा बंद कप्पा हवा. त्याला बाहेर उघडणारं स्वतःचं वायुवीजन आणि निचरा हवा. टाकीचा मध्य विमानाच्या गुरुत्वमध्याच्या जितका जवळ, तितकं बरं. रिकामी आणि भरलेली अशा दोन्ही स्थितींचं गणित मांडा.

फायरवॉल म्हणजे इंजिनाची आग अडवणारी भिंत; तिच्या इंजिनाकडच्या बाजूला टाकी कधीही नको. टाकी आणि फायरवॉलमध्ये किमान 13 मिमी अंतर ठेवा. शिवाय टर्बाइनचा खास मुद्दा म्हणजे फिरणारी चकती फुटली तर तुकडे कुठे जातील. प्रत्येक रोटरच्या प्रतलापासून पुढे-मागे 15 अंशांची पट्टी कागदावर काढा आणि टाकी, नळ्या, शटऑफ व्हॉल्व्ह त्या पट्टीबाहेर ठेवा. जागाच नसेल तर निदान शटऑफ तरी बाहेर राहू द्या.

पिकअप उघडं पडू नये म्हणून काय करायचं?

आधी द्रवाचा पृष्ठभाग किती कलतो ते पाहा. टेकऑफच्या धावेत 0.3 जी (गुरुत्वाच्या 0.3 पट) त्वरण मिळालं तर इंधनाचा पृष्ठभाग सुमारे 17 अंश मागे कलतो. 60 सेंटिमीटर लांब टाकीत पुढच्या आणि मागच्या टोकांच्या पातळीत 18 सेंटिमीटरचा फरक पडतो. पंखातली 1.2 मीटर रुंदीची टाकी 10 अंशांच्या स्किडमध्ये (विमान बाजूला घसरताना) याच हिशोबाने 21 सेंटिमीटर फरक दाखवते, आणि तिची खोली बहुधा तेवढी नसतेच. म्हणजे अर्धी टाकी भरलेली असूनही आतलं टोक कोरडं पडू शकतं.

उपाय तीन आहेत आणि तिन्ही एकत्र वापरावेत.

पहिला, आडभिंती. प्रत्येकीच्या तळाच्या कोपऱ्यांत इंधनासाठी आणि वरच्या कोपऱ्यांत हवेसाठी कापा. वरचा काप विसरला तर त्या कप्प्यात हवा अडकते आणि टाकी कधीच पूर्ण भरत नाही.

दुसरा, पिकअपभोवतीचा कलेक्टर कप्पा. त्याच्या भिंतीला तळाशी एकतर्फी झडपा बसवा. इंधन आत येतं, बाहेर जात नाही. झडप स्वतःच्या वजनाने बंद होईल अशी, वरून टांगलेली ठेवा. बिजागरीच्या पिनेला दोन्हीकडे अडकण द्या, कारण निसटलेली पिन थेट पंपात जाते.

तिसरा, हेडर टाकी, म्हणजे मुख्य टाकी आणि इंजिन यांच्यामधली छोटी टाकी. आपलं इंजिन पूर्ण थ्रस्टवर सेकंदाला 38 मिलिलिटर पितं. दोन लिटरची हेडर साधारण 50 सेकंद देते. हेडर नेहमी पूर्ण भरलेली राहिली पाहिजे. त्यासाठी तिच्या सर्वांत उंच बिंदूपासून मुख्य टाकीच्या वरच्या भागापर्यंत हवेची नळी हवी. ही नळी नसेल तर पंप सुरू असताना सुटणारी हवा हेडरच्या माथ्यावर साचत जाते आणि एके दिवशी पिकअपपर्यंत पोहोचते. निगेटिव्ह जीच्या कसरती करायच्या असतील तर लवचिक, टोकाला वजन असलेली फ्लॉप ट्यूब हेडरमध्ये बसवा. ती वाकून कडक झाली आहे का हे दर वर्षी हाताने तपासा.

पिकअपच्या तोंडावरची चाळणी भरड हवी, बाहेर काढता येईल अशी हवी, आणि तिचं मोकळं क्षेत्रफळ बाहेर जाणाऱ्या नळीच्या क्षेत्रफळाच्या किमान पाचपट हवं. बारीक गाळणी इथे लावू नका. ती बर्फाने किंवा सीलंटच्या कणांनी बसली तर तिच्यापर्यंत उडताना कुणी पोहोचू शकत नाही.

व्हेंटला एवढं महत्त्व का?

कारण व्हेंटच्या तोंडावरचा दाब थेट इंधनावर बसतो. समुद्रसपाटीला 200 नॉट वेगाने वाऱ्याचा गतिज दाब सुमारे 6.5 किलोपास्कल असतो. जेट इंधनाच्या भाषेत हे 83 सेंटिमीटर उंचीचा स्तंभ. आता डाव्या-उजव्या टाक्या जोडलेल्या असतील आणि एका व्हेंटचं तोंड जरा तिरकं बसून 5 टक्के कमी दाब घेत असेल, तर दोन टाक्यांत 4 सेंटिमीटर पातळीचा फरक पडेल. एक टाकी रिकामी होते, दुसरी तशीच. पायलट पंपाला आणि व्हॉल्व्हला दोष देत बसतो. दोन्ही टाक्यांच्या वरच्या हवेच्या जागा एका नळीने जोडल्या की बरीचशी कटकट मिटते.

उलटही घडतं. व्हेंटचं तोंड चुकून कमी दाबाच्या जागी आलं आणि टाकीत तेवढंच, 6.5 किलोपास्कलचं शोषण झालं, तर पाव चौरस मीटरच्या पत्र्यावर सुमारे 165 किलोचा भार आत ढकलतो. पातळ अ‍ॅल्युमिनियम त्यात पिचकतं. ब्लॅडर (टाकीतली लवचिक पिशवी) असेल तर तो वरून सुटून खाली बसतो आणि इंधनदर्शक तरीही भरलेलं दाखवत राहतो.

तोंड पुढे, वाऱ्याकडे ठेवा, म्हणजे टाकीत थोडा धन दाब राहील. गोठणाऱ्या ढगात हे तोंड बर्फाने बंद होऊ शकतं. म्हणून त्याच नळीला, वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला, दीड-दोन मिलिमीटरचं एक छिद्र पाडून ठेवा. आत नळी टाकीच्या सर्वांत उंच बिंदूपर्यंत न्या. जमिनीवर विमान कललेलं असताना आणि हवेत नाक वर असताना सर्वांत उंच बिंदू वेगळे असतील तर दोन व्हेंट लागतील. नळीत कुठेही खोलगट वाक नको. तिथे इंधन किंवा पाणी साचून बूच बसतं. तोंडावर बारीक जाळी लावल्याने कुंभारमाशी अडते, पण जाळीने बर्फ लवकर धरतो. त्यापेक्षा उभ्या विमानाला झाकण लावा आणि त्याला लांबून दिसेल अशी लाल फीत बांधा.

टाकी कशाची बनवावी?

अ‍ॅल्युमिनियम, बहुतेकांसाठी. वेल्डिंगच्या टाकीसाठी 5052 पत्रा चांगला. वाकतो, वेल्ड होतो, गंजत नाही. 6061-टी6 ताकदीला वरचढ आहे, पण वेल्डच्या आजूबाजूला ती ताकद उरत नाही आणि चिरा तिथूनच सुरू होतात. पंखातली टाकी रिव्हेट आणि सीलंटने करतात.

कंपोझिट टाकी हलकी आणि हव्या त्या आकाराची होते. तिची दुखणी दोन. एक म्हणजे सूक्ष्म छिद्रं. कापडावर राळ कमी पडली की इंधन थराथरांतून झिरपत भलत्याच ठिकाणी बाहेर येतं. आतल्या बाजूला राळेचा जास्तीचा थर द्या आणि राळ उत्पादकाने सांगितलेल्या तापमानावर पोस्ट-क्युअर करा, म्हणजे तापवून पक्कं करा. टाकीच्या भिंतीत पॉलिस्टायरीन फोम वापरू नका, तो इंधनात विरघळतो. दुसरं दुखणं स्थिर विजेचं. काचतंतूंचं कंपोझिट वीज वाहून नेत नाही, म्हणून फिलर, पिकअप, निचऱ्याचा व्हॉल्व्ह आणि दर्शकाचा प्रोब हे सगळे धातूचे भाग तारेने एकमेकांना आणि विमानाच्या अर्थिंगला जोडा.

पॉलिइथिलीनच्या साच्यातल्या टाक्या स्वस्त आणि धक्का सोसणाऱ्या असतात. त्यांना सीलंट चिकटत नाही, त्यामुळे प्रत्येक जोड बल्कहेड फिटिंग आणि गॅस्केटनेच करावा लागतो. त्या थोड्या फुगतातही, म्हणून घट्ट कप्प्यात कोंबू नका.

कोणत्याही टाकीत तांबं, पितळ, जस्ताचा मुलामा आणि कॅडमियम टाळा. तांब्यामुळे जेट इंधनाचं ऑक्सिडेशन वेगाने होऊन चिकट गाळ तयार होतो. ओ-रिंग नायट्राइल किंवा फ्लुओरोकार्बनच्या घ्या. ईपीडीएम रबराची रिंग केरोसीनमध्ये फुगून निकामी होते, आणि दिसायला ती नायट्राइलसारखीच काळी असते. सुटी, पाकिटाबाहेरची रिंग लावूच नका.

पॉलिसल्फाइड सीलंट लावण्याची पद्धत काय?

पत्र्याची जोडाची बाजू खरडपॅडने घासा, एमईके या द्रावकाने पुसा, आणि ओला असतानाच दुसऱ्या कोरड्या कापडाने पुसून घ्या. तो आपोआप वाळू दिला तर विरघळलेली चिकटी परत तिथेच बसते. सीलंटखाली साधा प्रायमर मारू नका. जोड मग प्रायमर धरून ठेवेल तेवढाच पक्का.

सीलंटचे दोन भाग, बेस आणि अ‍ॅक्सिलरेटर, वजनाने 10 ला 1. चमच्याच्या अंदाजाने नाही, ग्रॅमच्या काट्यावर मोजा. पांढरा आणि काळा मिळून एकसारखा राखाडी रंग येईपर्यंत, एकही रेघ न उरेपर्यंत घोटा. ‘बी-2’ प्रकारच्या घट्ट सीलंटचा काम करण्याचा वेळ 25 अंशांवर दोन तास. उष्ण आणि दमट हवेत तो घटतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात कुणी हे काम करत असेल तर एका वेळी थोडंच मिश्रण करावं.

जोडाच्या दोन्ही पृष्ठभागांमध्ये पातळ थर, रिव्हेट ओल्या सीलंटमध्ये बुडवून, आणि आतून जोडाच्या रेषेवर 5 ते 6 मिमीची भर. प्रत्येक रिव्हेटच्या शेपटीवरही टोपी. भर दाबून घ्या. आत अडकलेला बुडबुडा पुढे गळतीची वाट होतो. बी-2 पुरता मुरायला 25 अंशांवर 72 तास धरा, थंडीत जास्त.

गळती निघाली तर बाहेरून ठिगळ लावून ती थांबत नाही, आतला दाब ठिगळ उचलतो. तपासणीचं झाकण उघडून आतूनच दुरुस्त करावं लागतं. आतून पातळ लेप फिरवून सगळं बंद करण्याचा मोह टाळा. काही वर्षांनी तो पापुद्र्यांनी सुटतो आणि पिकअपच्या चाळणीवर जाऊन बसतो.

गळतीची चाचणी किती दाबावर घ्यायची?

जुन्या पार्ट 23 मध्ये साध्या धातूच्या टाकीसाठी 3.5 पीएसआय म्हणजे 24 किलोपास्कल, तर विमानाच्या रचनेने पेललेल्या अधातू टाकीसाठी 2 पीएसआय होते. वर्कशॉपमधला कॉम्प्रेसर थेट जोडू नका. 24 किलोपास्कलला पाव चौरस मीटरचा पत्रा सुमारे 600 किलो भार सोसत असतो. टाकी हवेने फुटली तर माणूस जखमी होतो. मजबुतीची ही चाचणी टाकीत काठोकाठ पाणी भरून, वर पारदर्शक नळी उभी करून घ्यावी. टाकीच्या माथ्यापासून 2.45 मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तेवढाच दाब देतो, आणि पाणी फुटलं तरी उडत नाही. नंतर टाकी पूर्ण वाळवा.

बारीक गळतीसाठी मात्र हवा हवी. 0.5 पीएसआयच्या आसपास हवा भरा, पाण्याचा यू-आकाराचा मॅनोमीटर लावा, जोडांवर साबणाचं पाणी फिरवा. मॅनोमीटर वाचताना तापमान लिहून ठेवा. टाकीतली हवा एक अंशाने गार झाली तरी पातळी सुमारे 35 मिमी उतरते. संध्याकाळी पाहिलेली ‘गळती’ अनेकदा निव्वळ हा फरक असतो.

पाण्याचा त्रास टर्बाइनला जास्त का होतो?

जेट इंधनात पाणी खाली बसायला वेळ लागतो. अ‍ॅवगॅसमध्ये दर 30 सेंटिमीटर खोलीला पंधरा मिनिटं पुरतात, जेट इंधनाला एक तास लागतो. इंधन भरून लगेच निचरा पाहिला तर नमुना स्वच्छ दिसेल आणि पाणी टाकीतच तरंगत असेल. शिवाय इंधनात विरघळलेलं पाणी वरच्या थंड हवेत वेगळं होऊन बर्फाचे कण बनतं. 17 जानेवारी 2008 रोजी हीथ्रोवर उतरताना बोइंग 777 ची दोन्ही इंजिनं मंदावली, ती इंधनातल्या बर्फाने हीट एक्स्चेंजरचं तोंड अडवल्यामुळे. लहान जेटला तर बहुधा असा हीटरही नसतो.

तळाला उतार देऊन, विमान जमिनीवर उभं असतानाच्या स्थितीत सर्वांत खालच्या जागी सम्प (पाणी आणि गाळ साचण्याचा खळगा) ठेवा. त्याची क्षमता टाकीच्या 0.25 टक्के किंवा 0.24 लिटर, यांतली जास्त असेल ती. 200 लिटरला अर्धा लिटर. पिकअपचं तोंड सम्पच्या तळापासून वर हवं.

बर्फ रोखणारं डायइजीएमई हे रसायन 0.10 ते 0.15 टक्के घालतात, म्हणजे 100 लिटरला 100 ते 150 मिलिलिटर. ते इंधनाच्या धारेत मिसळतच घालायचं. रिकाम्या टाकीत ओतून वर इंधन भरलं तर ते तळाशी साचतं आणि लेप व सीलंट खराब करतं. ते विषारी आहे, हातमोजे घाला.

निचऱ्याच्या नमुन्यात तपकिरी, बुळबुळीत तंतू दिसले तर ती बुरशी आहे. पाणी आणि इंधनाच्या सीमेवर ती वाढते. टाकी उघडून साफ केल्याशिवाय नुसत्या औषधाने भागत नाही, कारण मेलेली बुरशीही गाळणी बंद करते.

टाकीत बूस्ट पंप (इंधन इंजिनाकडे ढकलणारा पंप) हवाच का? केरोसीनला तर व्हेपर लॉक (वाफेने इंधन अडणं) होत नाही.

केरोसीनची वाफ सहज होत नाही, हे खरं. पण जमिनीवर जेट इंधनात त्याच्या आकारमानाच्या दहा टक्क्यांहून जास्त हवा विरघळलेली असते. 5,500 मीटरवर बाहेरचा दाब निम्मा होतो आणि ती हवा सुटू लागते, पंपाच्या शोषणाच्या बाजूला सर्वांत आधी. पंप टाकीत किंवा टाकीच्या पातळीखाली ठेवून इंधन ढकलत न्या, ओढत नव्हे. मुख्य पंप बंद पडला तर बायपास चेक व्हॉल्व्हमधून इंजिनाचा पंप स्वतः ओढू शकेल अशी रचना ठेवा, आणि ती जमिनीवर खरोखर चालवून पाहा.

3/8 इंची नळीचा आतला व्यास साधारण 7.75 मिमी असतो. आपल्या खपाला त्यात वेग सेकंदाला 0.8 मीटर येतो, तो ठीक आहे. फिटिंग 37 अंशांच्या फ्लेअरचीच घ्या. मोटारीच्या 45 अंशांच्या फिटिंगचे आटे कधीकधी जुळतात, बसणी जुळत नाही. इंजिनाजवळची बारीक गाळणी इंजिन उत्पादक सांगेल त्याच मायक्रॉनची लावा.

इंधनदर्शक भरवशाचा कसा करायचा?

कपॅसिटन्स प्रोबला (विद्युत धारितेवरून पातळी मोजणाऱ्या दांड्याला) इंधन आणि हवा यांतला फरक सुमारे 2.1 ला 1 असा दिसतो, पाण्याचा आकडा 80 च्या घरात. प्रोबचं टोक पाण्यात बुडलं की आकडे वर उडतात. म्हणून प्रोब सम्पमध्ये उतरवू नका. याशिवाय हेडर टाकीत स्वतंत्र फ्लोट स्विच बसवून लाल दिवा जोडा, मुख्य दर्शकाशी त्याची तार, फ्यूज काहीही सामाईक नको.

फिलर आणि इंधन भरताना काय पाळायचं?

फिलरचं तोंड आतून किमान 75 मिमी ठेवा, जेट इंधनाचा चपटा नोझल त्यातच मावतो. कडेला इंधनाचं नाव ठळक लिहा. आधी बाँडिंगची (विमान आणि इंधन भरण्याचं साधन जोडणारी) तार जोडा, मग झाकण उघडा. अमेरिकेतल्या जेट-एमध्ये स्थिर वीज घालवणारं रसायन सहसा नसतं, त्यामुळे प्लास्टिकचा कॅन आणि प्लास्टिकचं नरसाळं तिथे विशेष धोक्याचं. नोझल इंधनात बुडेपर्यंत धार हळू ठेवा. जेट इंधनाचा फ्लॅश पॉइंट 38 अंश आहे खरा, पण उन्हात तापलेली टाकी ते तापमान सहज गाठते, आणि उडालेल्या फवाऱ्याला तेवढीही गरज नसते.

डिझेल किंवा घरगुती रॉकेल चालेल का?

काही लहान इंजिनांच्या पुस्तिकेत डिझेलला परवानगी असते. नसेल तर नको. असली तरी थंडीत डिझेलमध्ये मेण धरतं, तेही जेट-एच्या उणे 40 आणि जेट-ए1 च्या उणे 47 अंशांच्या कितीतरी आधी. रॉकेलवर पाणी आणि कचऱ्याचं विमानासाठी लागतं तसं नियंत्रण नसतं. ते टाकीत घालू नका.

पहिल्या उड्डाणापूर्वी कोणत्या चाचण्या करायच्या?

इंधनप्रवाहाची चाचणी नाक वर करून घ्या. सर्वांत तीव्र चढाईच्या कोनात आणखी 5 अंश मिळवा, चाकांखाली तेवढा उंचवटा करा, टाकीत थोडंच इंधन ठेवा. इंजिनाजवळची नळी सोडून मापाच्या डब्यात न्या. आपल्या इंजिनाला पूर्ण थ्रस्टवर मिनिटाला 2.28 लिटर लागतात. 25 टक्के राखीव धरून 2.85 लिटर मिळायला हवेत. नळीचं तोंड मोकळं सोडून मोजलेला आकडा फसवा असतो. तोंडाशी व्हॉल्व्ह आणि दाबमापक लावा, इंजिनाला लागणारा प्रवेशदाब येईपर्यंत व्हॉल्व्ह आवळा आणि मग मोजा.

त्याच मांडणीत, पारदर्शक नळी जोडून, पहिला बुडबुडा दिसेपर्यंत पंप चालू ठेवा. तिथे थांबा आणि टाकीत उरलेलं इंधन सम्पमधून काढून मोजा. हीच चाचणी नाक खाली करून आणि एक पंख उचलून पुन्हा घ्या. सर्वांत मोठा आकडा म्हणजे न वापरता येणारं इंधन. दर्शकाचं शून्य तिथे लावा आणि तो आकडा फिलरजवळ व पॅनेलवर लिहा.

यानंतर चाळणी आणि गाळणी उघडून पाहा. नव्या टाकीतून पत्र्याचा कीस आणि सीलंटचे तुकडे निघतातच. टाकी अर्धी भरून, विमान हलवून, पुन्हा निचरा करून गाळणी तपासा, आणि गाळणी सलग दोनदा स्वच्छ निघेपर्यंत हे करत राहा. इंजिन पहिल्यांदा जमिनीवर पूर्ण थ्रस्टवर चालवल्यानंतर गाळणी आणखी एकदा उघडा, कारण कंपनाने सुटणारा कचरा तेव्हाच बाहेर येतो.